संत्र्याच्या सालीला लावलेली तीट

अल्लीपूर,
होळीच्या आधीचा बुधवार, सन २००९

कट्!

दचकू नका, इवाईबुवा. पत्र फाटलं नाही की माझी मान मोडली नाही. तुम्हाला लिहायला बसलो आणि साठेक वर्षांपूर्वीचा हा आवाज एकदम कानात वाजला, म्हणून तो आधी उतरवून घेतला. या वयात एकदा गेलेला आवाज परत येईलच याची खात्री नसते. आता रीतीप्रमाणे सुरुवात करतो.

श्रीमान रूपरावजी, मुक्काम कारंजा (घाडगे), यांना त्यांच्या लेकीचा सासरा आणि व्याही प्रभाकर याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. इकडील क्षेम म्हणावं तर आहे. तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? मृगाचा बहार उतरला की अजून झाडावर आहे? मुलाच्या लग्नात तुमच्या घरी मुक्कामाला होतो तेव्हा हायवेवरच्या ट्रकांच्या भोंग्यांनी मला झोप लागली नव्हती आणि तुम्ही म्हणाला होतात, "सवय झाली की त्याच्याशिवाय झोप येत नाई." मला ते वाक्य तेव्हा एखाद्या कवितेतलं वाटलं होतं, आजही वाटतं. सौ. सुलोचनाबाईंची प्रकृती कशी आहे? त्यांना माझा नमस्कार सांगा. (सांगताना आधी त्यांचा चेहरा पाहा. हातात लाटणं असेल तर नंतर सांगा.) आणि चि. सौ. ज्योत्स्ना तिकडे सुखरूप पोचली असेलच. तिनं तिची बाजू तुम्हाला सांगितली असेल. ती सगळी खरी आहे, त्यातला शब्दही मी खोडत नाही. पण आता माझी ऐका, कारण तीही खरी आहे आणि त्यातलाही शब्द मी खोडणार नाही. भांडण एवढंच आहे. तिच्या संत्र्याच्या सालीच्या लोणच्यावर मी कम्प्युटरवर चार ओळी लिहिल्या. ती म्हणते, त्या पुसा, तोवर मी अल्लीपूरला पाऊल टाकत नाही. मी म्हणतो, पुसत नाही. घरात आता मी, तुमचा जावई धर्मेंद्र आणि एक मांजर असे तिघे आहोत, आणि मांजरही कालपासून शेजारच्या शोभाबाईंकडे जेवायला जातं.

तर तो आवाज. आमच्या वडिलांच्या दुकानात, जिथे आज धर्मेंद्र बसतो, हरभऱ्याचं पोतं दाराशीच तोंड उघडून बसलेलं असे. गिऱ्हाईक यायचं, दोन दाणे उचलायचं, एक खाली टाकायचं आणि एक दाढेखाली धरायचं. त्या क्षणी सगळं दुकान श्वास धरून उभं राहायचं. तराजूसुद्धा हलत नसे. कट्! दाणा कोरडा असला तर असा आवाज, ओलसर असला तर नुसता दबका 'पच्'. मग ते गिऱ्हाईक समोरच्या कडुलिंबाकडे बघत, जणू लिंबालाच सांगतंय अशा बेतानं म्हणायचं, "खराब नाई." झालं! त्या रात्री वडील जेवताना ते आईला तीनदा सांगायचे, एखादा दावा जिंकून आल्यासारखे. आपल्या मुलखात "खराब नाई" याच्यावर स्तुती नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्या बागेत व्यापारी येऊन "क्या बात है, रूपरावजी, क्या माल है" म्हणाला की तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवता आणि जो नाक मुरडत तीन फांद्या हलवून बघतो त्याच्याशी बोलणी करता. कोणी "वा, वा, फार सुंदर" म्हणालं की वडील मला कोपरानं ढोसायचे : हा काही तरी मागायला आलाय.

आता ज्योत्स्नाच्या लोणच्याकडे येतो. (तिच्या नावाशिवाय या घरात दुसरा विषयच नाही, गेल्या पंधरवड्यात तर भिंतीसुद्धा तेच बोलतात.) धर्मेंद्रची आई गेल्यावर या घराला घरपण राहिलं ते या पोरीमुळे, हे मी सगळ्यांसमोर कधी म्हटलं नाही, कारण आपल्याकडे तसं म्हणत नाहीत. तुमच्या बागेतली संत्री यायची, आम्ही फोडी खायचो आणि साली बाहेर टाकायचो. तिनं एक दिवस साली गोळा केल्या. मिठाच्या पाण्यात घातल्या, रोज पाणी बदललं, सालीचा कडूपणा असा काढला की मला आमचे चौथीचे गुरुजी आठवले, तेही अंगातली खोड अशीच रोज थोडी थोडी काढत. मग गूळ, मग मोहरी, मग काय काय. ही कृती सुलोचनाबाईंची, म्हणून तिनं लोणच्याचं नाव ठेवलं "सुलोचना" आणि बाटलीवर त्यांचा फोटो. पदर डोक्यावर, नजर अशी की बाटली उघडण्याआधी माणूस आपोआप हात धुऊन येतो. पुण्याची एक वेबसाइट आहे (नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला), ती घरगुती पदार्थ घेते आणि कम्प्युटरवरून विकते. ज्योत्स्नानं त्यांच्याशी पत्रव्यवहार केला, नमुना पाठवला, त्यांनी होकार दिला. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी ओसरीत बसून ऐकत होतो. चाल माझ्या शाळेतल्या एका कवितेची होती, तिला कुठून आली कोण जाणे. कदाचित मीच वर्षानुवर्षं गुणगुणत असेन.

त्या वेबसाइटवर प्रत्येक बरणीच्या खाली लोकांनी लिहायची जागा असते. कोणी पाचपैकी तारे देतं, कोणी चार शब्द लिहितं. विकत घेणारा आधी ते वाचतो, म्हणजे दाणा दाढेखाली धरायची जागा आता ती. फक्त आवाज होत नाही. आणि तिथे मी काय वाचलं म्हणता? ज्योत्स्नानं मला माऊस धरायला शिकवला होता, म्हणून मी चष्मा पुसून दुपारभर बसलो. पुण्याचं आंबा लोणचं : "अप्रतिम!" नाशिकचं लिंबू लोणचं : "अप्रतिम!! आजीच्या हाताची आठवण झाली." सोलापूरची शेंगदाणा चटणी : "आजीच्या हाताची आठवण." अहो रूपरावजी, सगळ्या महाराष्ट्राच्या आज्या एकाच स्वयंपाकघरात शिकल्या होत्या की काय? माझी आजी तर आमटीत राख सांडवायची आणि तीच हवी म्हणून आम्ही भांडायचो. आता तसा अभिप्राय एकही नाही.

आपला धर्मेंद्र हुशार. (तो माझ्याकडून घेतलेला गुण नाही.) तो म्हणाला, बाबा, आपल्याले पण लोकं लागतीन. त्यानं नातेवाइकांना फोन केले. आठ-दहा दिवसांत "सुलोचना"खाली पंधरा अभिप्राय जमले, पंधराही पाच तारे. नागपूरच्या भाच्यानं मुंबईचा डॉक्टर म्हणून लिहिलं. शोभाबाईंच्या मुलानं अमेरिकेतून लिहिलं, म्हणजे हिंगणघाटच्या कॅफेत बसून. आणि सौ. रीता, वय सव्वीस, कोथरूड, पुणे, हिनं लिहिलं की हे लोणचं चाखताच तिला आंबिया बहाराला झाडाच्या बुडाशी घातलेल्या कुजलेल्या शेणखताचा सुगंध आठवला आणि तिचे डोळे भरून आले. मी काही विचारत नाही, रूपरावजी. असतील कोथरूडला बागा. असेल रीताचाही डावा गुडघा दुखत.

परिणाम? शून्य. एक बाटली गेली नाही. (एक गेली होती, ती तुमच्या भाच्यानं मागवली होती, त्याला खरंच वाटलं की हे लोणचं दुसऱ्याच कोणाचं.) खोकी जिन्याखाली रचलेली. ज्योत्स्ना रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसायची, एखाद्या तुळशीला पाणी घालावं तशी. मग वेबसाइटवरच्या एका मुलीचा फार गोड आवाजात फोन आला की माल हलत नाही, होळीपर्यंत वाट पाहू, मग जागा दुसऱ्या पदार्थाला देऊ. त्या संध्याकाळी पोरीनं वरणात हिंग दोनदा घातला. मी दोनदा वाढून घेतलं.

आता माझा गुन्हा. तुम्ही शाळेत माझ्याहून दोन इयत्ता पुढे गेलात, तेव्हा तुम्हाला गुरुजींचे शेरे आठवत असतील. माझ्या कवितेच्या वहीवर आमचे गुरुजी कधीच नुसतं "छान" लिहीत नसत. "पाठांतर उत्तम. अक्षर माशीच्या पायासारखे." "चाल गोड. वहीला तेलाचा वास येतो." (तो येणारच, मी दुकानदाराचा पोर.) एकदा एका मास्तरांनी बदलीवर येऊन सगळ्या वर्गाला "छान" दिलं, तेव्हा आमच्यातला गुलाब नावाचा पोरगा ओरडला, "यानं वह्या उघडल्याच नाईत!" आणि खरंच उघडल्या नव्हत्या. ज्या शेऱ्यात एक खोट नाही तो वही न वाचता दिलेला शेरा, हे मी तेव्हापासून धरून आहे.

आणि दुसरी गोष्ट त्याहून जुनी. तान्ह्या पोराच्या गालाला आपण काजळाची तीट लावतो की नाही? का लावतो? पोर देखणं आहे म्हणूनच. कुरूप पोराला तीट कोण लावतं! आमची आई लोणच्याची बरणी भरली की फडक्यावर कोळशानं एक काळी रेघ ओढायची. वडील नव्या धान्याच्या राशीवर कोळशाचा तुकडा ठेवायचे. पंधरा जणांनी आपल्या "सुलोचने"ला पाच-पाच तारे लावले, गालबोट मात्र कोणीच लावलं नाही. नजर लागणार नाही तर काय होणार! म्हणून मी ठरवलं की घरातल्या मोठ्या माणसानं करायचं काम आपण करावं. ज्योत्स्ना बाजारात गेली असताना मी बसलो, एकेक अक्षर शोधून, दुपार खर्चून, स्वतःचं नाव, स्वतःचं गाव घालून लिहिलं. तिनं तुम्हाला अर्धंच सांगितलं असेल म्हणून अख्खं देतो :

"मी हे लोणचं करणारीचा सासरा आहे, तेव्हा माझं म्हणणं तितकंच सांभाळून घ्यावं. रोज खातो. खराब नाही. साल जरा चिवट आहे, ज्याचे खालचे दात गेले त्याने चावू नये, चघळावी. तिसऱ्या आठवड्यानंतर मीठ गुळाच्या एक पाऊल पुढे चालतं. बाकी बरं आहे.

संत्र्याची साल
कडू कडू फार,
गुळाच्या शाळेत
झाली हुशार.

चार तारे देतो. पाचवा ठेवून घेतला. सगळंच आज देऊन टाकलं तर उद्या सुनेला काय देणार?"

कविता माझीच आहे. कोणाची चोरलेली नाही. मला ती बरी वाटली आणि अजूनही वाटते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण जसं घडलं तसं मी सांगतो. संध्याकाळी धर्मेंद्रनं कम्प्युटर उघडला आणि "बाबा!" असं ओरडला की शोभाबाई भिंतीपलीकडून विचारत्या झाल्या, "साप निंगाला का वो?" ज्योत्स्नानं वाचलं. एकदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता, पदराला हात पुसत म्हणाली, "मामाजी, साल चिवट लागत होती तं मले स्वयंपाकघरात सांगतलं असतं. साऱ्या जगाले काऊन सांगतलं?"

मी म्हटलं, "बेटा, ते तीट व्हय. नजर लागू नये म्हणून."

"तीट गालाले लावतेत, मामाजी," ती म्हणाली. "तोंडाले काळं फासत नाईत. अन् थे तोंड माह्यं नाई, माह्या आईचं व्हय. बाटलीवर तिचा फोटो हाय."

माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं होतं. पण ते सुचलं दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि ती सकाळच्या गाडीनंच गेली होती. जाताना धर्मेंद्रला सांगून गेली की चहाची पत्ती डब्यात आहे, कुकरची शिट्टी सैल आहे, आणि मामाजींनी ते पुसल्याशिवाय मला फोन करू नका. ते पुसता फक्त मलाच येतं, कारण तिथे शिरायचा परवलीचा शब्द माझ्याजवळ आहे. धर्मेंद्रनं माझी जन्मतारीख घालून पाहिली, आईचं नाव घालून पाहिलं. मी चौथीत पाठ केलेल्या पहिल्या कवितेची पहिली ओळ आहे ती, एकदा म्हणून दाखवतो म्हटलं तर तो उठून गेला. सायन्सवाला.

आणि इथे, रूपरावजी, मी छाती थोडी पुढे काढतो. ती गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या ओळींखाली कोणी तरी लिहिलं : "या सगळ्यात हा एकच माणूस खरं बोलतोय." मग साताऱ्याहून एका बाईंनी विचारलं, "आजोबा, मीठ पुढे चालतं म्हणजे नेमकं किती?" मी लिहिलं, बैलजोडीत उजवा बैल जितका पुढे असतो तितकं. ठाण्याच्या एका गृहस्थानं विचारलं, कवळी असलेल्यानं खावं का? मी त्यांना दोन परिच्छेद लिहिले. कोणी म्हणालं, ती कविता अजून आहे का? मी तिचं दुसरं कडवं करून टाकलं. आणि बाटल्या जाऊ लागल्या. मी मोजल्या नाहीत, पण जिन्याखालची जागा मोकळी झाली आणि तिथे आता मांजर झोपतं. (म्हणजे झोपत असे. शोभाबाईंकडे जायच्या आधी.) फोनवाल्या मुलीचा परत फोन आला, आणखी गोड आवाजात, की पुढचा माल कधी पाठवता? लोकांनी पंधरा पाच-तारेवाल्यांना सोडून एका गालबोटावर विश्वास ठेवला. आता सांगा, मी चुकलो?

धर्मेंद्रनं हे तुमच्याकडे फोन करून ज्योत्स्नाला सांगितलं. तिनं जे उत्तर दिलं ते त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं, आणि ते मी लपवून ठेवत नाही. ती म्हणाली, "विकलं गेलं, बरं झालं. पण चिवट म्हणून विकलं गेलं." या वाक्यावर मी दोन दिवस विचार करून राह्यलो आहे. पण विचार करणं म्हणजे हार नव्हे, हे तुम्हीही मानाल.

आणि जगाची गंमत पाहा. पंधरवडाही झाला नाही तोच त्या वेबसाइटवर साथ आली. पुण्याच्या आंबा लोणच्याखाली आता लिहिलंय, "अप्रतिम, फक्त किंचित तिखट." सोलापूरच्या चटणीखाली, "सुंदर, पण झाकण घट्ट बसतं." नाशिकवाल्याला तर एका दिवसात सात जणांनी मीठ पुढे चालतं म्हणून लिहिलं, सातही जणांनी "एक पाऊल". म्हणजे आता त्यांना काजळही माझ्याच डबीतलं हवं! मी त्यांना कळवलं की तीट आपल्या लेकराला आपल्या हातानं लावायची असते, शेजाऱ्याच्या बोटानं नाही. त्यांनी उत्तर दिलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद." मशीन होतं बहुधा.

तेव्हा, इवाईबुवा, सारांश असा की मी पुसणार नाही. धर्मेंद्र म्हणाला पुसा, शोभाबाई म्हणाल्या पुसा, मंदिरातल्या भजनीमंडळानं बैठक घेऊन म्हटलं पुसा. (त्यातल्या एकालाही कम्प्युटर कुठून चालू होतो ते माहीत नाही.) माझ्या गुरुजींनी माझ्या वहीवरचा एकही शेरा कधी खोडला नाही. वडिलांनी राशीवरचा कोळसा गिऱ्हाईक नाक मुरडतं म्हणून कधी उचलला नाही. मी का खोडावा? आणि माफी तर मी मुळीच मागणार नाही, कारण मी तिच्या भल्याचंच केलं आणि ते भलं झालंही. ज्याला भल्याची माफी मागायला लावतात त्या घरात उद्या कोणी भलं करणार नाही. एवढं तुमच्या लेकीला समजावून सांगा. समजली नाही तरी चालेल, पण सांगा.

कळावे, लोभ आहेच, तो असाच खारवलेला राहू द्यावा.

आपला,
प्रभाकर

ता. क. : हे पत्र बोलावण्याचं नाही, हे स्पष्ट करतो. मी कोणालाही बोलावत नाही. फक्त माहिती म्हणून कळवतो की वर्ध्याहून इकडे यायची गाडी आता चार वाजता सुटते, आधीसारखी साडेतीनला नाही. धर्मेंद्र स्वयंपाक करतो. काल त्यानं वांग्याची भाजी केली. त्यानं विचारलं, "कशी झाली?" मी म्हटलं, "खराब नाई." रूपरावजी, आयुष्यात पहिल्यांदा मी ते शब्द खोटे वापरले. सकाळी चहाच्या वेळी मी अजून माझा नि ज्योत्स्नाचा असे दोन कप ओट्यावर काढून ठेवतो, तिचा परत फडताळात ठेवतो. पोरीला हे सांगू नका. सांगितलंत तरी मी सांगायला सांगितलं असं सांगू नका. पुढचा माल कोण करणार, हेही विचारत नाही.

ता. क. २ : आता तुम्ही पत्र इतकं वाचलंच आहे तर हेही. मीठ कुठेही पुढे चालत नाही. तिसऱ्या आठवड्यात नाही, तिसऱ्या महिन्यातही नाही. गूळ आणि मीठ एकाच चालीत चालतात, एका ओळीत, शाळेत प्रार्थनेला जाणाऱ्या पोरांसारखे. साल मऊ आहे. चिवट मी आहे आणि माझे दात नाहीत. तीट लावायला एखादा डाग हवा होता, तो मला सापडला नाही, म्हणून मी तो तयार केला. म्हणजे हिशेब असा झाला की पंधरा जणांनी खोटी नावं लावून खरं लिहिलं, मी खरं नाव लावून खोटं लिहिलं, आणि साऱ्या जगानं विश्वास माझ्यावर ठेवला. रीताची माफी मागा माझ्या वतीनं. तरीसुद्धा पुसणार नाही. तीट पोर मोठं झालं की आपोआप पुसली जाते. ती कोणी ओल्या फडक्यानं घासून काढत नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायला घेतलं तर दारात ऑटो थांबला. मला वाटलं, चारची गाडी एवढ्यात कशी आली. बघतो तर सौ. सुलोचनाबाई! एकट्या! लग्नानंतर आजवर आमंत्रणाशिवाय त्यांनी या उंबरठ्याकडे पाहिलं नव्हतं. ऑटोवाला मागून संत्र्यांचं पोतं उतरवतो आहे. त्या ओट्यावर उभ्या राहिल्या, पदर पुढे ओढला, तोंड भिंतीकडे केलं आणि मी हाताच्या अंतरावर असूनही धर्मेंद्रला म्हणाल्या, "जवाईबापू, तुमच्या बाबाजीले म्हणा, हे पोतं घरात घ्या."

धर्मेंद्र म्हणाला, "बाबा, पोतं घरात घ्या म्हणते."

"मले आयकू आलं," मी म्हटलं.

"त्याईले म्हणा," भिंतीला उद्देशून विहीणबाई, "ज्याले साल चिवट लागते, त्यानं स्वतःच्या हातानं मऊ करून दाखवावं. साली काढाच्या, मिठाच्या पाण्यात घालाच्या, रोज पाणी बदलाचं, मंग गूळ. तोवर मी इथून हालत नाई. झालं का एक बाटली कारंज्याले जाते. ज्योत्स्ना चाखते. अन् मंग ज्योत्स्ना लिहिते तुमच्या लोणच्यावर, त्या कम्पुटरवर, साऱ्या जगापुढं. मंगच यायचं का नाई थे ठरवते."

"बाबा—" धर्मेंद्र म्हणाला.

"मले आयकू आलं म्हणलं ना!"

रूपरावजी, संत्री तुमच्याच बागेतली आहेत, डागावरून ओळखली, म्हणजे या कटात तुम्हीही आहात. मी म्हणणार होतो की असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी माझ्यापुढे परात सरकवली आहे, आणि आत्ता पहिल्यांदाच वळून माझ्याकडे पाहिलं आहे. बाटलीवरचा फोटो फार सौम्य आलाय, हे मला आज कळलं. तेव्हा पेन खाली ठेवतो आणि सुरी घेतो. ज्योत्स्नाला माझा एवढाच निरोप द्या : म्हणावं, जसं लागेल तसं लिही. सासरा आहे म्हणून एकही तारा जास्त देऊ नको.